मानपत्रातले सातवे वाक्य

सन्माननीय अध्यक्ष महाराज, श्रीयुत यज्ञेश्वरपंत सोमण. माणगावहून अर्धा दिवस गाडीरस्त्याचे धक्के सोसून मुद्दाम आलेले प्रमुख पाहुणे डॉक्टर काणे. आपल्या बागाईतदार संघाचे वडीलधारे सभासद. सभामंडपाच्या उजव्या अंगाला बसलेल्या माताभगिनी. डाव्या अंगाला, आणि जागा न पुरल्यामुळे पायऱ्यांवर थेट दीपमाळेपर्यंत बसलेली, झाडांवरून सुपारी उतरवणारी पाडेली मंडळी. आणि ज्यांच्यासाठी आपण जमलो आहोत ते सत्कारमूर्ती, श्रीयुत दादू धर्माजी शिगवण—

हे शेवटचे नाव घेताना माझी जीभ अडखळली, ते आपल्या ध्यानात आले असेलच. मी चालायला लागलो तेव्हापासून यांना ‘अरे दादू’ म्हणत आलो. आज एकदम ‘श्रीयुत’ म्हणालो तर हा कोण नवा गृहस्थ आला म्हणून त्यांनी स्वतःच मागे वळून पाहिले. हसू नका, खरोखर पाहिले. आयुष्यात प्रथमच ते खुर्चीवर बसले आहेत, आणि तेही असे, की खालून कुणी हलवील म्हणून दोन्ही पायांनी तिला आवळून धरले आहे.

मला आज दिलेले काम लहान आहे. मानपत्र वाचायचे आणि खाली बसायचे. संघात माझ्यापेक्षा थोर माणसे पुष्कळ आहेत, पण कॉलेजात सव्वा वर्ष काढून हात हलवत परत आलेला असा मी एकटाच. म्हणून मजकूर उतरवून घ्यायला मला बोलावले. या जाड कागदावर वेलबुट्टी ड्रॉइंग मास्तरांची आहे, अक्षर माझे आहे, आणि वाक्ये कमिटीची आहेत. एकूण नऊ वाक्ये. पहिल्या सहांत दादूंच्या चाळीस वर्षांच्या सेवेचे वर्णन आहे, आणि त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. सातवे वाक्य असे: ‘वयोमानानुसार गेल्या हंगामात आपला हात चुकला व झाडावरून पडण्याचा दुर्धर प्रसंग आपणांवर ओढवला, तथापि संघ आपला ऋणी आहे.’

ऐकायला गोड आहे. पण या वाक्याच्या पोटात दुसरे काहीतरी आहे. मानपत्रानंतर एक ठराव मांडला जाणार आहे. शिगवणांच्या घरचा अंदाज चुकू लागला, सबब पुढल्या कार्तिकापासून आपल्या वाड्यांतली सुपारी उतरवण्याचे काम बाहेरगावच्या टोळीला द्यावे, असा तो ठराव. दादूंचा मुलगा मोरू तिथे तिसऱ्या पायरीवर बसला आहे. बापाच्या सत्काराला आला आहे, आणि त्याच दिवशी कमरेचा कोयता खुंटीला कायमचा लागतो की काय, हे ऐकायलाही आला आहे.

म्हणून वाचण्यापूर्वी मला दोन शब्द बोलू द्यावेत, अशी अध्यक्ष महाराजांना विनंती. आपण खिशातले घड्याळ काढलेत, ते मी पाहिले. पाच मिनिटे. फार तर दहा.

डॉक्टरसाहेब, आपण भातशेतीच्या मुलखातले. दादूंनी चाळीस वर्षे काय केले ते आपल्याला कळावे म्हणून थोडे सांगतो. बाकीच्यांनी तोवर पान लावावे. आमची पोफळ असते मनगटाएवढी नाही म्हणता येणार, पण पोटरीएवढी जाड, आणि उंच पन्नास फूट. पायांत दोरीचा वेढा घालून पाडेली शेंड्याशी जातो, सुपारीचा घड कापतो. आता उतरायचे आणि शेजारच्या झाडावर पुन्हा चढायचे, तर दिवसाला किती झाडे होतील? म्हणून तो उतरतच नाही. वरच्या वर अंगाचा झोक देऊन झाड हलवू लागतो. झाड इकडे झुकते, तिकडे झुकते, झोका वाढत जातो, आणि शेजारच्या पोफळीजवळ शेंडा पोचला की हात पुढे करून तिला धरतो. सकाळी वाडीच्या एका कोपऱ्यात चढलेले दादू दुसऱ्या कोपऱ्यात उतरत. मधली वीस-पंचवीस झाडे ते जमिनीला पाय न लावताच करत. आणि अशा वेळी आमच्याकडे एक रिवाज पाळतात: झाडावरच्या माणसाला खालून हाक मारायची नाही. घराला आग लागली तरी नाही. हा रिवाज कृपा करून ध्यानात ठेवावा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता माझ्याकडे वळतो. नाइलाज आहे, विषयच तसा आहे.

गेल्या आश्विनात मी मुंबईला इंटर सायन्सच्या वर्गात बसलो होतो. सकाळीच घरचे पत्र आले होते. आईने लिहिलेले. त्यात गाय व्यायल्याचे होते, कोकमे पाठवल्याचे होते, आणि शेवटच्या ओळीत, गावातल्या एका घरी अलिबागच्या एका वकिलाचे स्थळ येणार असल्याची वार्ता होती. कोणत्या घरी, ते मी सांगणार नाही. आपण सगळे ते जाणता, आणि जाणत नाही असे दाखवण्याइतके सभ्य आहात. त्याबद्दल मी आपला आभारी आहे.

तर, पत्र खिशात. आणि प्रोफेसरांनी फळ्यावर एक दोरी काढली, दोरीला वजन काढले, आणि म्हणाले, झोक्याचा नियम लिहून घ्या. वस्तू आपल्या मधल्या जागेपासून जितकी दूर, ज्याला पुस्तकात डिस्प्लेसमेंट म्हणतात, तितकी तिला खेचणारी ओढ जास्त, म्हणजे तिचे ॲक्सिलरेशन जास्त. दुप्पट दूर, तर ओढ दुप्पट. आणि या ओढीचे तोंड सदैव मधल्या जागेकडे.

मला हसू फुटले. आवरेना.

“गोगटे, यात हसण्यासारखे काय आहे?”

मी उभा राहिलो. “सर, हे छापायला कशाला हवं? बोर्डिंगातल्या कुठल्याही परगावच्या मुलाला विचारा!”

वर्ग हसला. प्रोफेसर म्हणाले, “बाहेर व्हा.” आता, बाहेर म्हणजे वर्गाबाहेर, हे शहाण्या मुलाला समजले असते. मी वही बाकावर आपटली आणि वर्गाबाहेर गेलो, मग फाटकाबाहेर, मग धक्क्यावर, मग आगबोटीत. दिघीला उतरलो तेव्हा कुठे माझे डोके ताळ्यावर आले, आणि तोवर बोट पुढे निघून गेली होती.

घरी वडिलांनी एक शब्द उच्चारला नाही. ते ओरडले असते तर बरे झाले असते. बोलायला कुणी नाही म्हणून मी दिवसभर पोफळीखाली जाऊन बसू लागलो, आणि वरून उतरता उतरता दादूंनी विचारले,

“काय म्हादेवबाबा, विद्या संपली?”

“सोडली.”

“सोडली, का सुटली?”

त्यांनी तंबाखू मळली, निम्मी मला देऊ केली, मी नको म्हणालो. मग शहाणपणा दाखवावा म्हणून मी वाळूत काटकीने दोरी काढली, वजन काढले, आणि प्रोफेसरांचा नियम त्यांना समजावून सांगितला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाले, “मंग? ह्ये तर माज्या पायांना ठावं हाय. पोफळ जितकी वाकवशील तितकी ती मागं वढती. येवढ्यासाठी म्हमईला पैकं भरून गेलावतास?”

मंडळी, माझ्या विद्येची अशी किंमत करणाऱ्या माणसाला मी सहजासहजी सोडणार होतो थोडाच? मी म्हणालो, “दादू, मग हे सांग. एका झाडावरून दुसऱ्यावर जायचा खरा क्षण कोणता?”

“टोकाला. टोकाला गेली की ती थांबती. पापनी लवंस्तोवर. तवाच धरायचं.”

“चूक!” मी म्हणालो. काय तो माझा आवाज! “टोकाला ओढ सर्वांत जास्त असते. मधोमध आलं की ओढ शून्य. तिथे झाड तुला खेचतच नाही. खरा निर्धास्त क्षण तो. पुस्तकात आहे.”

दादू वर बघत राहिले. “मधी सोडलंस तर सरळ डाक्टरकडं जाशील.”

“दादू, हे गणित आहे.”

“आन् ही पोफळ हाय.”

आता मला सांगा, पुस्तक खोटे होते का? नाही. पुस्तकात त्याच पानावर, दोन ओळी खाली, लिहिले आहे की मधल्या जागेवर ओढ शून्य असते खरी, पण वेग तिथेच सर्वांत मोठा असतो. आणि टोकाला ओढ मोठी असते, पण वेग शून्य. त्या दोन ओळींपूर्वीच मी वही आपटून बाहेर पडलो होतो. प्रोफेसरांवर रागावलो नसतो, आणखी दहा मिनिटे बाकावर बसलो असतो, तर आजचा हा समारंभ झालाच नसता. दादू या घटकेला खुर्चीत नसते, झाडावर असते.

मार्गशीर्षात वकिलाकडची मंडळी यायची होती, त्या दिवशी दुपारी दादू अध्यक्ष महाराजांच्या वाडीत, घराच्या मागल्या रांगेत चढलेले होते. मी कुंपणावरून आत गेलो. होय, चोरासारखा. धोतराचा काचा मारला आणि त्यांच्या शेजारच्या पोफळीवर चढलो. कशाला चढलो? दादूंना गणित सिद्ध करून दाखवायला, असे मी स्वतःला सांगत होतो. आणि दुसरे कारण असे, की तेवढ्या उंचीवरून एक मागचे अंगण दिसते. सांगून टाकतो, काय दिसले ते. वाळत घातलेली सुपारी दिसली. ती हुंगणारे एक वासरू दिसले. आणि एक खिडकी, बंद. निदान मला बंद वाटली. दुसरे कुणीही दिसले नाही, आणि मी तिथे येणार हे त्या घरात कुणाच्या स्वप्नातही नव्हते. हे मी देवळात उभा राहून बोलतो आहे.

दादूंनी मला पाहिले. हाक मारायची नाही, म्हणून त्यांनी मारली नाही. नुसता हात आडवा हलवला: नको. मी झोक घेतला. एक, दोन, तीन. झाड मधोमध आले, ओढ शून्य, पुस्तक खरे, आणि मी हात सोडले.

एखाद्याने गोफणीतून धोंडा सोडावा तसा मी गेलो. समोरच्या पोफळीवर छाती आदळली, हात घसरले, आणि मी खाली निघालो. त्या पोफळीवर दादू होते. एका हाताने त्यांनी झाड धरले होते. दुसऱ्या हाताने, उजव्या, माझे मनगट धरले. माझा सगळा भार, तो सगळा वेग, त्या एका खांद्यावर आला. खांद्यात काहीतरी तुटल्याचा आवाज मी ऐकला. तरी त्यांनी मनगट सोडले नाही. आम्ही दोघे त्या झाडावरून घसरत खाली आलो. मला खरचटले. त्यांचा हात त्या दिवसापासून डोक्याच्या वर जात नाही. मघाशी पुष्पहार घालताना आपण पाहिले असेल, हार धरायला हात वर न करता ते स्वतःच मान खाली घालून पुढे झाले. ते नम्रतेने, असे सर्वांना वाटले.

झाडाखाली पडल्या पडल्या ते म्हणाले, “मी पडलो. तू हितं नव्हतास.”

“पण दादू—”

“गप. आज, ह्या वाडीत, तू झाडावर व्हतास म्हनलं, तर तुजं काय जानार न्हाय. पोरीचं नाव निघंल. जा कुंपनावरनं.”

मी गेलो. डॉक्टरसाहेब, दोन दिवसांनी गाडीत घालून त्यांना आपल्याकडे माणगावला आणले. मी बरोबर होतो. आपण खांदा चाचपून म्हणाला होता, “पडलेल्या माणसाचा खांदा असा नसतो. याला काहीतरी लोंबकळलं असलं पाहिजे.” आणि दादूंनी उत्तर दिले होते, “व्हय साहेब. घड व्हता. लई जड.”

तो घड, डॉक्टरसाहेब, आपल्यासमोर उभा राहून भाषण करतो आहे.

मंडळी, गलका करू नका. मोरू, तू खाली बस. माझ्यावर धावून यायचे असेल तर ये, तुझा अधिकार आहे. पण मला एवढे पुरे करू दे.

तीन महिने मी गप्प राहिलो. मी स्वतःला बजावले की हे शील आहे, कुणाच्या तरी नावासाठी आहे. ते खरे होते आणि सोयीचेही होते. दादूंचा हात चुकला, असे पारापारावर बोलत, आणि मी ऐकत असे. कमिटीने सातवे वाक्य सांगितले, आणि मी ते वळणदार अक्षरात लिहून घेतले. ‘चुकला’ मधल्या ‘च’ला ड्रॉइंग मास्तरांनी शाबासकी दिली.

मग परवा सगुणाबाई, दादूंच्या घरच्या, आमच्या मागल्या दारी आल्या.

“निरोप हाय.”

“कुणाचा?”

“खिडकीचा.”

त्यांनी निरोप जसा पाठ केला होता तसा म्हटला: “दादूमामांचा हात चुकला नाही, मी पाहिलंय. झाडावरच्या माणसाला हाक मारू नये म्हणून तेव्हा ओरडले नाही. आता कुणी झाडावर नाही. सभेत तुम्ही बोलणार नसाल, तर मी उठेन.” आणि स्वतःच्या पदरचे जोडले, “मला कायबी ठावं नव्हतं बगा. माज्या मान्साचं तोंड म्हंजे नारळ.”

चार वर्षे ज्या तोंडून एक शब्द ऐकायला मी आसुसलो होतो, त्या तोंडचा पहिला शब्द आला तो असा. दुसरा येईल अशी मी आशा धरीत नाही. पण एवढे सांगतो, की इतका लाखमोलाचा शब्द आजवर मला कुणी पाठवला नव्हता. तो खरा करायला त्यांना उठावे लागू नये, म्हणून मी उठलो.

अध्यक्ष महाराज, आपला राग रास्त आहे, आणि तो सगळा माझ्यावर असावा. त्या खिडकीचा दोष एवढाच, की तिने पाहिले. आणि पाहिलेले विसरली नाही. जे स्थळ आले होते ते पुढे पत्रिकेवरून जमले नाही असे ऐकतो. त्यात माझा हात नाही, पण आता मी काही बोललो तरी आपण विश्वास ठेवावा असे मी वागलेलो नाही.

एक गोष्ट राहिली. खांदा बांधलेला असताना दादूंना मी विचारले होते, मी आता काय करू? ते म्हणाले, “तू टोकाला आलाईस. टोकाला वढ लई, पन जोर न्हाय. हितं लटकून ऱ्हायला येत न्हाय कुनाला. फुडलं झाड धर, न्हायतर मागं जाशीलच.” मी प्रोफेसरांना पत्र घातले. उत्तर आले आहे: जूनमध्ये या, मात्र संपूर्ण वर्गासमोर माफी मागावी लागेल. मी उद्याच्या आगबोटीने निघतो; जूनपर्यंत एका वखारीत कारकुनी मिळाली आहे. माफीचा सराव म्हणाल तर आज होतोच आहे.

तर दादू— नाही, दादूकाका. आपण मला धरलेत याबद्दल आभार मानायला माझ्याकडे शब्द नाहीत. आपण खोटे बोललात, तेही दुसऱ्याच्या लेकीसाठी आणि दुसऱ्याच्या लेकासाठी. आणि त्यापायी आपल्या स्वतःच्या लेकाचा कोयता खुंटीला लागायची वेळ आली तरी तोंड उघडले नाहीत. आपले ते मौन मी आज मोडले. आपण गप राहायला सांगितले होते. मी ऐकले नाही. पहिल्यांदा ऐकले नाही तेव्हा आपला खांदा गेला; या खेपेला गेला तर माझा जाऊ दे.

संघाच्या सभासदांना विनंती एवढीच, की ठराव मांडण्यापूर्वी एक गोष्ट तोलावी. ज्याने एका हाताने झाड आणि दुसऱ्या हाताने माणूस धरून ठेवला, त्याच्या घरचा अंदाज चुकला असे म्हणायचे की कसे? आणि मोरूला झाडे कुणी शिकवली, तेही आठवावे.

सातवे वाक्य माझ्या अक्षरात आहे, म्हणून मीच ते खोडतो. हे खोडले. त्या जागी लिहितो... माझा टाक कोरडा पडला आहे. कुणी दौत—

अध्यक्ष महाराज, आपले पेन? आपण स्वतः टोपण काढून दिलेत.

मी... मी लिहितो.

लिहिले. खाली आपली सही हवी, पण ती घाई नाही. आपण आधी वाचावे.

माझी दहा मिनिटे केव्हाच उलटून गेली. आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलेत, पायऱ्यांवरच्या मंडळींनी मला तिथल्या तिथे उचलून नेले नाही, डॉक्टरसाहेबांनी तीन महिने आपला संशय पोटात ठेवला, या सगळ्यांचा मी ऋणी आहे. वक्ता शेवटी म्हणतो की बोलण्याच्या भरात उणे-अधिक झाले असेल तर पदरात घ्यावे. बहुतेक वेळा त्याला तसे काही झाले असे वाटत नसते. मला वाटते. बोलण्यात झाले असेल ते आज पदरात घ्यावे; तीन महिने न बोलण्यात झाले, त्याची क्षमा एका माणसाजवळ मागायची आहे, आणि ते हातवारे करून मला सांगताहेत, बस कर म्हादेवबाबा. डाव्या हाताने सांगताहेत.

आता मानपत्र वाचतो. नऊ वाक्ये आहेत. सातवे अध्यक्षांच्या शाईत आहे.